कोयता आणि ट्रे

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं ओस पडायला लागतात. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर... कुठंही जा. घराला कुलूप आणि ओट्यावर एखादी म्हातारी. बाकीचे सगळे ट्रॅक्टरमध्ये संसार घालून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडावर. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला, एकट्याला नाही. त्यामुळं पोरगी जरा मोठी झाली, की तिच्या शाळेपेक्षा तिच्या लग्नाचा हिशेब सोपा वाटतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शेकडा 43 हून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली.

आमच्या मंडळात 'मुलींसाठी काहीतरी करू या' म्हटलं, की शिवणक्लास नाहीतर पापड-लोणची. मी त्याला नावं ठेवत नाही. पण एका गावात किती मशिनी चालणार? म्हणून हॉटेलच्या कामाचं प्रशिक्षण हा विषय निघाला तेव्हा मी कान टवकारले.

याचं मोठं शिक्षण मराठवाड्यात जुनंच आहे. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) हॉटेल मॅनेजमेंटची संस्था 1989 मध्येच निघाली. पण तिथली फी फडावरच्या घराला झेपणारी नव्हे. गरीब मुलांसाठी केंद्राच्या पर्यटन खात्यानं 2009-10 मध्ये 'हुनर से रोजगार तक' सुरू केलं. फी नाही, वर विद्यावेतन. स्वयंपाक आठ आठवडे आणि वाढपाचं काम सहा आठवडे. 2014 मध्ये ग्रामीण मुलांसाठी दीनदयाळ उपाध्याय योजना आली. तिच्यात राहण्या-जेवणाची सोय आणि शिकवलेल्यांपैकी निदान 70 टक्के मुलांना काम लावून देण्याची संस्थेवर अट. खुलताबादला 'प्रथम' संस्थेनं ताज हॉटेलांच्या मदतीनं गावाकडच्या मुलांसाठी केंद्र काढलं.

शिकवतात काय? ट्रे हातावर कसा तोलायचा, गिऱ्हाइकाशी नजर वर करून कसं बोलायचं, पलंगाची चादर सुरकुती न पडता कोपऱ्यात कशी दुमडायची. जन्मात पलंगावर न झोपलेल्या पोरी हे शिकतात. 'मॅडम, एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या कराव्या लागतात,' असं एक सांगत होती. मी म्हटलं, दमत नाहीस? ती हसली. पहाटे तीनला उठून भाकरी थापणारीला आणि दिवसभर मोळ्या वाहणारीला मी काय विचारत होते!

खरी अडचण शिकण्याची नाही, घरच्यांची असते. 'लोकाचं खरकटं उचलाया पाठवू का लेक?' हा प्रश्न प्रत्येक दारात. त्यात जातीचाही पीळ असतो, हे आपण मोकळेपणी बोलत नाही. मुलगा वेटर झाला तर 'पुण्याला कंपनीत आहे' असं पाहुण्यांना सांगतात. मुलीचं तर तेवढंही सांगत नाहीत.

पण सगळं गोडच आहे असं मात्र समजू नका, मैत्रिणींनो. सुरुवातीचा पगार हातात आला, की खोलीभाडं आणि प्रवासात निम्मा जातो. सणासुदीला हॉटेलात सर्वांत जास्त काम, म्हणजे सुट्टी नाही. कितीतरी मुलं दोन-तीन महिन्यांत परत येतात आणि मग गावात बोलणं होतं, 'बघा, म्हणलं नव्हतं का!' कागदावर 'नोकरी लागली' आणि संस्थेचं काम संपलं, हे काही खरं नव्हे. सहा महिन्यांनी ती मुलगी कुठंय, हे विचारायला कुणीतरी पाहिजे. आणि सगळ्यांनी पुण्या-मुंबईलाच का जावं? परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी, वर्षभर भाविक येतात. बीड-गेवराईवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, तिथले ढाबे रात्रंदिवस चालू. स्वच्छ संडास आणि नीट वाढणारी माणसं तिथंही लागतातच की.

रात्रपाळीचंही विचारून घ्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. ठेवली तर सुरक्षिततेची आणि ने-आणीची सोय मालकानं करायची. 2017 मध्ये कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होता. मुलींना हे कुणी सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका आईनं मला एवढंच विचारलं, 'ताई, हास्टेलच्या दाराला आतून कडी हाय का?' केंद्रातल्या माणसाला विचारलं, तर तो फाईल चाळत राहिला. मग आम्ही चौघीजणी त्या आईला घेऊन स्वतःच जाऊन आलो. खोलीला कडी होती, न्हाणीघराला नव्हती. ती समोर बसवून घेतली आणि मगच तिनं लेकीच्या फॉर्मवर अंगठा उठवला.