हलकी मोटार, जड कागद

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचणाऱ्यांच्या काळी मोटार नव्हती. असती, तर ‘मोटार पाहावी जोडून’ हेही शब्द त्यात आले असते. जगातील अनेक देशांत सुट्या भागांच्या पेट्या मागवून घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी स्पोर्ट्स मोटार उभी करणाऱ्या हौशी लोकांची परंपरा आहे. या मोटारींना ‘किट कार’ म्हणतात. एखाद्या गाजलेल्या जुन्या गाडीच्या हुबेहूब रूपात ती बांधली, तर ती ‘रेप्लिका’ म्हणजे प्रतिकृती होय. अलीकडच्या काळात भारतातही या हौसेने मूळ धरले आहे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु आयात, नोंदणी, विमा आणि कर्ज यांच्या नियमांना मात्र मोल असते आणि ते पुष्कळदा गाडीच्या किमतीहून जड ठरते.

वजनाचे गणित

पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे कवच, दोन आसने आणि एखाद्या साध्या प्रवासी मोटारीतून घेतलेले इंजिन व गिअरबॉक्स, अशी या गाडीची रचना असते. दारे, वातानुकूलन, कधीकधी छप्परसुद्धा त्यात नसते. हा सारा संसार उतरविल्यामुळे गाडीचे वजन पाचशे-सहाशे किलोच्या घरात राहते.

या हलकेपणाचा लाभ साध्या भागाकाराने कळतो. दीड टन वजनाच्या मोटारीला २०० अश्वशक्तीचे इंजिन असेल, तर दर टनाला सुमारे १३३ अश्वशक्ती मिळते. अर्ध्या टनाच्या गाडीला केवळ १०० अश्वशक्तीचे इंजिन बसविले, तरी हे प्रमाण दर टनाला २०० भरते. थोड्या खर्चात मोठा वेग मिळण्याचे मर्म एवढेच आहे.

कराच्या पोटी जन्मलेली हौस

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर लागे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे ग्राहक संच विकत घेत आणि घरी गाडी जोडत. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात व ग्राहक त्या उलट क्रमाने वाचत, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही करसवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीने घेतले. करसवलत गेली, तरी गाडी मात्र टिकली. केटरहॅमच्या नावाने ती आजही तयार व सुट्या अशा दोन्ही रूपांत विकली जाते. पुढे ब्रिटनने घरी जोडलेल्या एकेका गाडीची तपासणी करणारी स्वतंत्र व्यवस्थाही उभी केली. तिचे सध्याचे रूप २००९ पासूनचे आहे. अमेरिकेनेही २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती मोटारी बनविण्याची वाट मोकळी करून दिली. या देशांतील हौशी मंडळींच्या मागे अशी कायद्याची चौकट उभी आहे, ही गोष्ट त्यांच्या गाड्यांची छायाचित्रे पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

शोलावरमची धावपट्टी

भारतात हलक्या मोटारीचा विचार सर्वांत आधी रुजला तो चेन्नईच्या परिसरात. शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानांची धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९५० च्या दशकापासून तेथे शर्यती भरविल्या. राजघराण्यांतील व उद्योजक घराण्यांतील काही चालकांनी परदेशी शर्यतीच्या गाड्या येथे उतरविल्या. परंतु आयात परवान्यांच्या त्या काळात बहुतेकांची भिस्त फियाट आणि हेरल्ड यांसारख्या देशी गाड्यांवरच होती.

यातील हेरल्ड तर मद्रासचीच. स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून ती शहरानजीक वंडलूर येथे बनविली. हिची चॅसी कवचापासून वेगळी काढता येई. नेमक्या याच गुणामुळे ब्रिटनमध्ये जुन्या हेरल्डच्या चॅसीवर नवे कवच चढवून किट कार बांधण्याचा प्रघात पडला. बेंगळुरूच्या सिपाणी घराण्याच्या कंपनीने १९८२ मध्ये ब्रिटिश ‘रिलायंट किटन’वर आधारलेली फायबरग्लासची ‘डॉल्फिन’ आणली. कुटुंबाची गाडी म्हणून ती फारशी चालली नाही. मात्र हलक्या वजनामुळे शर्यतीच्या शौकिनांत ती प्रिय झाली.

खरी कलाटणी दिली ती कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. गिरणी-उद्योगातील घराण्यात जन्मलेल्या या अभियंत्याने मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन वापरून एक आसनी शर्यतीची मोटार बनविली. परदेशी गाडीच्या तुलनेत ती अतिशय स्वस्त होती आणि तिचे सुटे भाग गावोगावी मिळत. या गाड्यांनी एक अख्खी पिढी घडविली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय चालक नारायण कार्तिकेयन हे त्याच मुशीतले. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. कोइमतूरजवळचा ‘कारी मोटर स्पीडवे’ त्यांच्या स्मरणार्थ आहे. शोलावरमच्या शर्यती थांबल्यानंतर १९९० पासून चेन्नईच्या पश्चिमेस इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा कायमस्वरूपी ट्रॅक सुरू झाला.

महाराष्ट्रानेही या क्षेत्रात आपली मुद्रा उमटविली आहे. अलिबागजवळील कार्लेखिंड येथे ‘चिंकारा मोटर्स’ने सेव्हनच्या धर्तीवरील रोडस्टर बांधली आणि तिला हिंदुस्तान मोटर्सचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन, म्हणजे अँबेसेडरमध्ये वापरले जाणारे इंजिन, बसविले. करिवर्धन आणि चिंकारा या दोन्ही उदाहरणांत एक सूत्र समान आहे: कल्पना बाहेरची असली, तरी इंजिन असे निवडले की ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही परिचित असावे.

बंदरावरचा हिशेब

तरीही अस्सल विलायती संचच हवा, असे म्हणणारा ग्राहक असतोच. ‘पूर्ण गाडीवर जबर शुल्क आहे, सुट्या भागांवर कमी, मग गाडी पेट्यांतून आणू,’ असा सल्ला त्याला हमखास मिळतो. हा सल्ला धोक्याचा आहे. सीमाशुल्क वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतील नियम २(अ) सांगतो की, अपूर्ण अथवा न जोडलेल्या वस्तूत पूर्ण वस्तूचे मुख्य स्वरूप असेल, तर तिचे वर्गीकरण पूर्ण वस्तू म्हणूनच होते. एका संचातून मोटार उभी राहणार असेल, तर खात्याच्या दृष्टीने ती मोटारच आहे.

सुट्या संचांना शुल्कात सवलत आहे. परंतु इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्समिशन कितपत जोडलेले आहेत यावर तिचे दर अवलंबून असतात. ही व्यवस्था मुख्यतः कारखान्यांसाठी आहे. चेन्नईजवळ २००७ पासून चालणारा बीएमडब्ल्यूचा जोडणी कारखाना याच व्यवस्थेचा लाभ घेणारा आहे. एकाच गाडीचे भाग वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या खेपांत मागविल्यास खाते सर्व व्यवहार एकत्र ठेवून चौकशी करू शकते. चुकीचे वर्णन सिद्ध झाल्यास माल जप्त होतो, दंडही होतो.

वापरलेली गाडी आणण्याच्या अटी याहून कडक आहेत. तिचे वय तीन वर्षांपेक्षा अधिक नसावे, चालकाचे आसन उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असा नियम आहे. म्हणजे चेन्नईच्या ग्राहकाच्या दारी बंदर असूनही त्याची जुनी गाडी आधी मुंबईला उतरणार! नव्या गाडीला मात्र ठरवून दिलेल्या बंदरांत चेन्नईचाही समावेश आहे.

किमतीचा हिशेब कसा फुगतो, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. विमा व वाहतूक धरून गाडी दहा लाखांना पडली आणि सीमाशुल्काचा दर ७० टक्के मानला, तर रक्कम सतरा लाख होते. वस्तू व सेवा कर या सतरा लाखांवर लागतो, मूळ दहा लाखांवर नव्हे. तो ४० टक्के मानल्यास बेरीज २३ लाख ८० हजारांवर जाते. राज्याचा रस्ता कर, बंदरावरील खर्च आणि दलाली याखेरीज वेगळी. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात मोटारींवरील शुल्क ठरावीक कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने घटविण्याची तरतूद आहे. तिचा लाभ आपल्या गाडीला खरोखर मिळेल काय, हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न ठेवता सीमाशुल्क सल्लागाराकडून लेखी घ्यावे.

रस्ता की ट्रॅक?

गाडी बंदरातून सुटली म्हणजे रस्त्यावर आली असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार उत्पादकाला व आयातदाराला नमुना गाडीची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत करून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय आणि चेन्नईजवळ ओरगडम येथील केंद्र या अशा संस्था होत. हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याला हा खर्च पेलतो. एकच गाडी जोडणाऱ्या हौशी माणसाला तो पेलणे अवघड. घरी जोडलेल्या एकट्या गाडीसाठी ब्रिटनसारखी स्वतंत्र तपासणी आपल्याकडे नाही.

साध्या सेडान गाडीचे कवच बदलून ती महागड्या इटालियन मोटारीसारखी करण्याचा मार्गही निर्वेध नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत अधोरेखित केले. अशी गाडी विकत घेणाऱ्याने आरसी बुकातील वर्णन, चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहिले नाहीत, तर नोंदणी स्थगित होण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर येते. मूळ कंपनीचे बोधचिन्ह लावलेली नक्कल आयात केल्यास बौद्धिक संपदा नियमांखाली माल बंदरातच अडकू शकतो. विक्रेत्यानेही पावतीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द स्वच्छ लिहावा. वर्णनाशी न जुळणारा माल विकणे हा १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार कराराचा भंग ठरतो.

केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालवायची गाडी असेल, तर नोंदणीचा प्रश्न उरत नाही. तिला ट्रेलरवरून न्यावे लागते एवढेच. मात्र सर्वसाधारण मोटार विमा शर्यतीतील नुकसान भरून देत नाही, हे लक्षात ठेवावे.

बँकेच्या खिडकीशी

वाहन कर्जात गाडी बँकेकडे नजरगहाण असते आणि तशी नोंद आरसी बुकात होते. ज्या गाडीची नोंदणीच होऊ शकत नाही, तिच्यावर ही नोंद कोठे करणार? म्हणून ट्रॅकवरील गाडीसाठी वाहन कर्जाची अपेक्षा न धरता बचतीतूनच तरतूद करणे शहाणपणाचे.

परदेशी विक्रेत्याला पैसे पाठविताना व्यवहार अधिकृत विक्रेता बँकेमार्फतच व्हावा लागतो आणि माल आल्याचा पुरावा म्हणून ‘बिल ऑफ एंट्री’ची जुळणी होते. आगाऊ रक्कम गेली आणि गाडी आलीच नाही, तर उत्तर देण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. लेटर ऑफ क्रेडिट हे साधन त्यामानाने सुरक्षित. पण त्याचीही मर्यादा ओळखावी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नव्हे. कागद बिनचूक असतील, तर बँकेला रक्कम द्यावीच लागते, मग पेटीत गाडीऐवजी काहीही निघो. यासाठी माल चढविण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी आणि तिचे प्रमाणपत्र ही अट पतपत्रातच घालून घ्यावी.

पुनर्विक्रीच्या वेळी या साऱ्या कागदांचे खरे मोल कळते. आयातीची कागदपत्रे, शुल्क भरल्याच्या पावत्या, नोंदणी आणि जोडणीची नोंदवही एका फाइलमध्ये असलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळते. तीच गाडी कागदांविना असेल, तर तिची किंमत तिच्या इंजिनाएवढी आणि भंगाराएवढीच.

करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर जे उभे केले, ते उपलब्ध साधने आणि असलेले नियम यांचा मेळ घालून. आजच्या हौशी ग्राहकानेही पहिला रुपया पाठविण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ही गाडी रस्त्यावर चालवायची की ट्रॅकवर? आयात, विमा आणि कर्ज यांचे पुढील सारे निर्णय याच एका उत्तरावरून ठरतात.