पालवणकर, बाळू
पालवणकर, बाळू : (१९ मार्च १८७६–४ जुलै १९५५). भारतातील आद्य श्रेष्ठ क्रिकेटपटूंपैकी एक व डावखुरे मंदगती गोलंदाज. जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले.

पुण्यातील पारशी खेळाडूंच्या क्लबात दरमहा ३ रुपये वेतनावर त्यांनी मैदानाची देखभाल केली. पुढे यूरोपीयांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर खेळपट्टी तयार करणे व सदस्यांना सरावासाठी गोलंदाजी करणे, ही कामे त्यांच्याकडे आली. लष्करी अधिकारी व हौशी फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर नियमित सराव करीत आणि आपणास बाद केल्याबद्दल दर वेळी ८ आणे देत, असे सांगतात. फलंदाजीच्या सरावाची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही.

हिंदू संघात अस्पृश्य खेळाडू घ्यावा की नाही, यावर पुण्यात वाद झाला. अखेर यूरोपीयांना हरविण्यासाठी त्यांची निवड झाली. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्व सहकारी हाताळीत. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. १८९६ च्या सुमारास ते मुंबईस गेले. तेथे ते हिंदू जिमखान्याकडून व रेल्वेच्या संघाकडून खेळले. १९०६ मध्ये हिंदू संघाने यूरोपीयांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात ते व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी मिळविले (सरासरी १५·२१).

ज्येष्ठता व कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० मध्ये ते उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना तो मान मिळाला व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

भारतास कसोटी क्रिकेटचा दर्जा १९३२ मध्ये मिळाला, तेव्हा त्यांची कारकीर्द संपलेली होती. क्रीडागुणांच्या बळावर जातिबंधने किती सैल होतात आणि कोठे अभेद्य राहतात, हे त्यांच्या जीवनातून स्पष्ट होते.