स्वनिर्मित स्विचिंग पॉवर सप्लाय : दोषनिदानाची पद्धत

विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी बांधलेला स्विचिंग पॉवर सप्लाय पहिल्या चाचणीत बंद राहिला, की अंदाजाने सुटे भाग बदलण्याची प्रवृत्ती दिसते. ती खर्चिक आहेच, शिवाय धोकादायकही आहे. २३० व्होल्ट ए.सी.चे एकदिशीकरण झाल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात व प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. म्हणून योग्य रोधातून तो रिकामा करून, मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

त्यानंतर पुरवठ्याशी एकसर जोडणीत ६० वॉटचा तंतूचा बल्ब लावावा. तो क्षणभर उजळून मंदावल्यास कपॅसिटर प्रभारित झाला असे समजावे. पूर्ण तेजाने पेटत राहिल्यास डायोड-सेतू किंवा मॉस्फेट शॉर्ट असण्याचा संभव असतो.

बल्ब मंदावूनही बोर्ड 'टिकटिक' करीत असल्यास नियंत्रकाचा पुरवठा तपासावा. मीटरची टोके आधी पक्की बसवून मगच वीज द्यावी. यूसी३८४२ हा नियंत्रक सुमारे १६ व्होल्टला सुरू होतो व १० व्होल्टखाली बंद पडतो. दाब या मर्यादांमध्ये हेलकावत असेल, तर नियंत्रक सुरू होतो, परंतु साहाय्यक वेटोळे त्याला पोसत नाही. हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये या वेटोळ्याची टोके उलट जोडली गेलेली असू शकतात, अथवा दुय्यम बाजूचा डायोड शॉर्ट असू शकतो. नियंत्रक बदलून यांपैकी एकही दोष जात नाही.

सारांश, आधी मापन आणि मगच दुरुस्ती, हा क्रम प्रयोगशाळेत रुजविणे आवश्यक आहे.