चेहऱ्याची डागडुजी

जव्हारच्या वेशीवरचा शिरपामाळ एका सन्मानासाठी ओळखला जातो. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज १६६३ च्या अखेरीस येथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, अशी परंपरा सांगते. मान असा डोक्यावर चढतो. अपमान मात्र चेहऱ्यावर उतरवला जातो. म्हणूनच चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची आपल्याकडची कहाणी हौसेपेक्षा अब्रूशी अधिक निगडित आहे.

इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ मध्ये टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात छाटला. पुढे पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे वर्णन छापले. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या मापाने घडवायची. ती सपाट करून कपाळावर ठेवायची, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. मात्र दोन्ही भुवयांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेली राखायची. मग कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या खुंटावर बसवायची. टाके नाहीत, कापडाच्या पट्ट्यांवर पाण्यात कालवलेला कात लावून ती चिकटवायची. खैराचा हा कात म्हणजे जव्हार-मोखाड्यातल्या कातकऱ्यांचा जुना धंदा. सुमारे २५ दिवसांनी मधली पट्टी कापायची. तोवर तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळत राही. या वर्णनावरूनच जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली.

रक्ताची वाट शाबूत असेल तर कातडी हलवता येते. कारागिराच्या हाताला ठाऊक असलेला हा नियम आजही प्लास्टिक सर्जरीचा पाया आहे.

तलवारीवाचून चेहरा हिरावणारा आजार म्हणजे कुष्ठरोग. त्याच्या जंतूला शरीरातले थंड भाग मानवतात: नाक, कानाच्या पाळ्या, भुवया. कातडी सुजून जाड होते, भुवया झडतात, नाकाचा आतला आधार झिजून ते बसते. औषधाने आजार हटला की सूज ओसरते. पण ताणलेल्या कातडीचा लवचीकपणा परतत नाही. ती लोंबते, सुरकुतते आणि भर तारुण्यात माणूस म्हातारा दिसू लागतो. जंतू मेला तरी गाव त्याला रोगीच समजते.

या चेहऱ्यांकडे लक्ष वळवणाऱ्या शल्यविशारदांत डॉ. नोशिर अंतिया यांचे नाव अग्रभागी येते. इंग्लंडात हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे धडे घेऊन परतल्यावर त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. बसलेल्या नाकाची बाहेरची कातडी बहुधा धड असते, आतले अस्तर आक्रसलेले असते. तेव्हा आतून नवी कातडी लावून नाक वर आणायचे, ही गिलीज यांची युक्ती. झडलेल्या भुवईसाठी कानावरच्या केसांची पट्टी तिच्या धमनीसकट कातडीखालून सरकवून आणता येते. पुन्हा तोच कावसजीचा नियम. आणि लोंबलेल्या गालांसाठी फेसलिफ्ट! सौंदर्याचा शौक म्हणून हिणवली जाणारी हीच शस्त्रक्रिया येथे माणसाला पुन्हा चारचौघांत बसवते.

सौंदर्यासाठीची फेसलिफ्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात रुजली. तेव्हा कानापुढची जादा कातडी कापून शिवत. पण कातडी पुन्हा सैलावे आणि जास्त ओढली तर चेहरा ताठर दिसे. १९७० च्या दशकात स्वीडनच्या स्कूग यांनी कातडीखालचा थरही सोबत उचलला. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या थराची नीट रचना मांडली. तेव्हापासून ताण त्या खोल थरावर घेतात, कातडी नुसती अलगद पसरवतात. चेहऱ्याच्या हालचालीची नस त्याच थराखालून जाते. म्हणून खरे कौशल्य तेथे पणाला लागते. बोटॉक्स स्नायूला काही महिने सैल करते, फिलर खड्डा भरतो. लोंबलेली कातडी उचलणे दोघांच्याही आवाक्यातले नाही.

शस्त्रक्रियेलाही मर्यादा आहेच. कुष्ठरोगाने मारलेली संवेदना ती परत आणत नाही. राज्यातल्या कुष्ठरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत जव्हारचा पालघर जिल्हाही मोडतो. देशाने डिसेंबर २००५ मध्ये हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे जाहीर केले, पण पाड्यांवर रुग्ण सापडतच आहेत. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. मग मजुरी बुडवून तो दाखवायला कोण जाणार? सरकारी दवाखान्यात बहुऔषधी उपचाराच्या (एमडीटी) गोळ्या फुकट मिळतात, त्या सहा किंवा बारा महिने घ्यायच्या असतात. विकृती आलीच तर शस्त्रक्रियेसाठी बुडालेल्या मजुरीपोटी मदतीची तरतूदही आहे. तरीही चेहरा वाचवण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे पाड्यावर आलेल्या आशाताईला तो बधिर चट्टा वेळीच दाखवणे.