कोरंगीचा साग

आदिलाबादहून समुद्र बघायला निघालं तर कुठल्याही दिशेला अख्खा दिवस मोडतो. अशा जिल्ह्यात बसून जहाजं बांधणाऱ्या गावावर लिहायचं म्हणजे लोक हसणारच. पण बंदराची गोष्ट आपण नेहमी समुद्राच्या अंगाने सांगतो. ज्या लाकडाचं जहाज होतं, ते कुठून आलं हे विचारलं की पाय आपोआप रानाकडे वळतात.

हे गाव म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळचं, यानमच्या शेजारचं कोरंगी. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘कोरिंगा’ होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावर जहाजबांधणी आणि दुरुस्तीसाठी त्याचं नाव होतं. 1802 मध्ये एबेनेझर रोबक नावाच्या इंग्रजाने तिथे गोदी बांधली आणि ब्रिटिश आरमाराचं ‘अल्बॅट्रॉस’ तीत दुरुस्तीला घेतलं गेलं. इथून ब्रह्मदेशाकडे माणसंही इतकी गेली की रंगूनमध्ये तेलुगू मजुराला ‘कोरंगी’च म्हणू लागले. गावाचं नाव माणसांच्या अंगाला असं चिकटलेलं क्वचितच दिसतं.

कोरंगीला साग मिळायचा तो गोदावरीमुळे. एकोणिसाव्या शतकात अहेरी-सिरोंच्याकडचं लाकूड प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून राजमहेंद्रीच्या बाजारात उतरायचं. प्राणहितेचा अलीकडचा काठ आपला. 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे होईपर्यंत तो आदिलाबादमध्येच होता, आता मंचेरियाल आणि आसिफाबादकडे गेलाय. नदीला मात्र हे वाटप कुणी कळवलेलं नाही.

सागाची एक गंमत आहे. हिरवा ओंडका पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जातो. म्हणून सागाच्या धंद्यात मलबारपासून ब्रह्मदेशापर्यंत एक युक्ती चालायची. झाड उभं असतानाच बुंध्याभोवती कुऱ्हाडीने गोल खाच घ्यायची. सालच नव्हे, आतलं फिकट, ओलं लाकूडही पार गाभ्यापर्यंत तोडायचं. मुळांचं पाणी वर चढायचं थांबतं, पानं गळतात आणि झाड उभ्या-उभ्या वाळतं. दोनेक वर्षं ते तसंच ठेवायचं. मग तोडलं की तरंगतं. बैलांनी ओंडके नाल्याच्या काठी ओढून आणायचे आणि पावसाची वाट बघायची. नाल्याला लोंढा आला की माल नदीवर, तिथे तराफे बांधायचे आणि पुढचं काम पुराचं. आज सुतार ज्या जहाजाला फळी ठोकतोय, तिचं झाड काही वर्षांपूर्वीच रानात मारून ठेवलेलं असायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? युरोपातल्या ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल ते राखतं. सागाच्या जहाजाचं आयुष्य बघायचं तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जावं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, 1817 मध्ये पाण्यात उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ तिथे अजून तरंगतंय. साग मलबारचा, पण जात तीच.

कोरंगीला मात्र समुद्राने असं आयुष्य दिलं नाही. डिसेंबर 1789 मध्ये वादळात एकामागून एक तीन लाटा गावावर चालून आल्या. हजारोंनी माणसं गेली. नांगरलेली जहाजं जमिनीवर फेकली गेली. हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्यातल्या अभ्यासकाने पुढे या लाटांचा दाखला दिला आणि अशा फिरत्या वादळांना, सापाच्या वेटोळ्यावरून, ‘सायक्लोन’ हे नाव दिलं. आज बातम्यांत जो शब्द रोज ऐकतो, त्याच्या वंशावळीत कोरंगी आहे.

दुसरा घाव 25 नोव्हेंबर 1839 चा. त्यात तीन लाख माणसं आणि वीस हजार जहाजं बुडाली, हे जिथे-तिथे छापलेलं सापडतं. वीस हजार जहाजं एका खाडीत मावतील कशी, हा प्रश्न नक्कल करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. मला तो आकडा पचत नाही. पण गावाला लाटेइतकंच गाळाने मारलं, हे नक्की. साग आणणारी गोदावरी गाळही आणत होती. मुख उथळ झालं आणि मोठी गलबतं काकिनाड्याकडे वळली.

यानंतरचा अध्याय थेट आपल्या कापसाचा आहे. धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनने ठरवलं की वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस बोटीने नदीतूनच किनाऱ्यावर न्यायचा. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते: दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचं देवलमरी. तिथे बंधारे घालायचे, कालवे खणायचे आणि बोटी चढवा-उतरवायला पाण्याचे दरवाजे बसवायचे असं ठरलं. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा या बेताला जोर चढला. रिचर्ड टेंपलसारखा मध्य प्रांताचा चीफ कमिशनर पाठीशी होता. पण उन्हाळ्यात नदी गुडघाभर होते. आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस पूर्वेला जायचा तो मुंबईला गेला. 1871 मध्ये काम बंद झालं. दुम्मगुडेमचा बंधारा तेवढा राहिला.

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी त्याच अहेरीकडच्या आलापल्लीच्या रानातला साग बल्लारपूरच्या आगारातून निघाला, तेव्हा लाकडाची पूजा झाली, मिरवणूक निघाली. तो गेला रस्त्याने. कोरंगीत आज लोक जातात ते खारफुटी बघायला. 1978 पासून तिथे अभयारण्य आहे. ज्या गाळाने बंदर बुजवलं, त्याच गाळात तिवरं वाढली आहेत, आणि त्यांच्यामधून चालण्यासाठी चिखलावर लाकडी फळ्यांची पायवाट घातली आहे.