काळ्या पाण्यावरची एस.टी.

‘काळे पाणी’ हे दोन शब्द ऐकले की आपल्या आजे-पणजांच्या अंगावर काटा उभा राहायचा. अंदमानला नेलेला माणूस परत दिसायचा नाही, अशीच तेव्हा समजूत होती. बाबाराव आणि तात्याराव या दोघा सावरकर बंधूंनी तिथल्या सेल्युलर जेलमध्ये काय भोगले, ते मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्याच अंदमानला आज आपल्याकडची शेतकरी कुटुंबे हौसेने निघतात. कोणी मुलाच्या लग्नानंतर, कोणी उसाचे बिल हाती आल्यावर. तुम्हीही जाणार असाल, तर तिथल्या बोटीच्या प्रवासाविषयी चार गोष्टी आधीच ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट नावांची. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली ‘श्री विजय पुरम’ झाले. त्याआधी २०१८ साली हॅवलॉक बेट ‘स्वराज द्वीप’ झाले आणि नील बेट ‘शहीद द्वीप’. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनी नावे आहेत. तेव्हा धक्क्यावर दोन्ही नावे ऐकून गोंधळू नका, बेटे तीच आहेत.

स्वराज द्वीप श्री विजय पुरमपासून ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तिथे पूल नाही, रस्ता नाही. जायचे ते समुद्रावरूनच. बोटी दोन तऱ्हेच्या. सरकारी बोट सावकाश जाते, दोन-अडीच तास घेते, भाडे कमी. खासगी वेगवान बोट दीड तासात पोचवते, पण भाडे बरेच जास्त आणि बसायचे ते बंद काचांच्या थंडगार खोलीत. सरकारी बोटीवर तुम्ही कठड्याशी उभे राहून वारा खाऊ शकता. उडणारे मासे पाण्यातून सर्रकन निघून पुन्हा पाण्यात शिरताना दिसले, तर पोरेबाळे सगळी भूकतहान विसरतील. बंदरातून निघताना नॉर्थ बेचा दीपस्तंभ दिसतो. जुन्या तांबूस २० रुपयांच्या नोटेमागचे ते माडांचे चित्र आठवते ना? ते इथलेच.

शेजारी कोण बसले आहे?

सरकारी बोट ही आपल्या करमणुकीसाठी काढलेली नाही, हे विसरू नका. ती त्या बेटांची एस.टी. आहे. तुमच्या शेजारी बसलेली बाई दवाखान्यातून परत निघालेली असेल, पलीकडचा पोरगा कॉलेजला जाणारा असेल. खालच्या बाजूला भाजीच्या टोपल्या आणि केळीचे घड असतील.

ही भाजी बहुतेक शहीद द्वीपची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने अंदमानात जमिनी दिल्या. शहीद द्वीपवर त्यांची वसाहत १९६० च्या दशकात झाली. जंगल तोडून, खारा वारा सोसून या लोकांनी शेते उभी केली. आज अंदमानची भाजीची टोपली म्हणून ते बेट ओळखले जाते. सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी तिथल्या गावांची नावे आहेत. तिथे गेलात तर नुसता किनारा पाहून फिरू नका, बांधावरूनही एक फेरी मारा. वांगी, भेंडी, सुपारी, नारळ पाहून जीव रमेल. आणि मग ध्यानात येईल, की एक दिवस बोट निघाली नाही तर या शेतकऱ्याचा तोडलेला माल जागेवरच सुकतो. आपल्याकडे टेम्पो आला नाही की होते, तसेच. म्हणूनच बेटावरच्या लोकांना भाड्यात सवलत असते. त्यावरून तिकिटाच्या खिडकीशी हुज्जत घालू नये.

बोट लागली तर

बैलगाडीत जन्म गेलेल्या माणसालाही बोट लागते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपाशी पोटी चढू नका आणि पोटभर तेलकट खाऊनही चढू नका. जागा बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला बघा, तिथे हेलकावा कमी बसतो. नजर दूर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये डोके घालू नका. आल्याचा तुकडा चघळल्याने बऱ्याच जणांना बरे वाटते. ज्यांना गाडीतही मळमळते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी न्यावी आणि ती बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही.

समुद्राशी घाई नको

अंदमानात पाऊस दोनदा गाठतो. मे महिन्यात सुरू होतो तो नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, आणि मधूनच वादळे येतात. वादळ आले की बोटी बंद. म्हणून रब्बीची मळणी आटोपून फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणे आपल्या सोयीचे आणि समुद्रालाही मानवणारे. बेटे आधी पाहून घ्या, आणि परतीच्या विमानाआधी निदान एक पूर्ण दिवस श्री विजय पुरमला हाताशी ठेवा. जेल शेवटी पाहिले तरी चालते. विमान सकाळचे आणि बोट आदल्या संध्याकाळची, असा बेत करणारे पुष्कळ जण पस्तावले आहेत.

बोट बंद झाली म्हणून कोणी छोट्या होडीतून नेतो म्हणाला, तर ऐकू नका. २६ जानेवारी २०१४ रोजी श्री विजय पुरमजवळ पर्यटकांची एक बोट उलटली आणि २१ माणसे गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक उतारू गेले. कोकणातली कितीतरी घरे त्या दिवशी उघडी पडली. तेव्हा चढण्याआधी माणसे किती आहेत ते पाहा. लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि आधी लेकरांना घाला. जास्त गर्दी दिसली तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरा. असे उतरण्यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी

तिकिटावरचे नाव आधार कार्डाप्रमाणेच असू द्या, कार्ड हाताशी ठेवा आणि तासभर आधी धक्क्यावर पोचा. सरकारी बोटी फिनिक्स बेहून सुटतात, खासगी बोटीचा धक्का वेगळा असू शकतो. तिकिटावर वाचून मगच रिक्षा करा. किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहण्याच्या पाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. पाटी असेल तिथे पाण्यात उतरू नका. पोवळ्याचे तुकडे खिशात घालू नका, तो गुन्हा आहे आणि विमानतळावर तपासणीत सापडतो.

एवढे सांभाळलेत, तर प्रवास सुखाचा होईल. आणि परत आल्यावर गावच्या पारावर किनाऱ्याची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या भाजीच्या टोपल्यांचीही सांगा. समुद्राच्या पलीकडेही आपल्यासारखाच एक शेतकरी गाडीची वाट पाहत उभा असतो. त्याची गाडी पाण्यावरून येते, एवढाच काय तो फरक.