आरमारी वास्तूंचे मोल : एका संगणक-खेळातील निर्णयमीमांसा

राज्याच्या उत्पन्नाचा किती भाग समुद्रावर खर्चावा, हा प्रश्न राज्यकर्त्यांना चिरपरिचित आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या खेळात तोच प्रश्न खेळाडूपुढे उभा राहतो. खेळाचा काल १४४४ ते १८२१ असा असून, त्यात एका राज्याची सर्व सूत्रे खेळाडूच्या हाती असतात.

आरमारास साहाय्यभूत अशा वास्तूंचे दोन मुख्य प्रकार आहेत. गोदीमुळे खलाशांचा पुरवठा वाढतो. जहाजबांधणीच्या कारखान्यामुळे आरमाराची विहित मर्यादा वाढते. दोहोंस समुद्रकिनाऱ्यावरील प्रांत लागतो. प्रत्येक प्रांतात वास्तूंसाठी जागा मोजक्याच असल्याने, कारखाना उभारणे म्हणजे तेथे बाजारपेठ वा कार्यशाळा न उभारणे होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरमाराची मर्यादा ही अभेद्य भिंत नव्हे. ती ओलांडता येते. मात्र त्यामुळे जहाजांच्या देखभालीचा खर्च वाढतो. म्हणून हा वाढीव खर्च किती टळतो, यावरून कारखान्याचे आर्थिक मोल ठरते. समजा, कारखान्यास २०० नाणी लागली आणि दरमहा एक नाणे वाचले, तर भांडवल २०० महिन्यांत, म्हणजे १६ वर्षे ८ महिन्यांत भरून येईल. तितक्याच खर्चाच्या कार्यशाळेने दरमहा अर्धे नाणे दिले, तर ४०० महिने लागतील. या हिशेबात कारखाना श्रेष्ठ ठरतो. परंतु आरमार मर्यादेच्या आतच असेल, तर बचत शून्य होते आणि कारखाना कधीच फिटत नाही. १८१० नंतर उभारलेला कारखानाही याच हिशेबाने तोट्याचा, कारण २०० महिने पुरे होण्यापूर्वीच खेळ संपतो.

तथापि नाण्यांचा हिशेब सर्वत्र पुरेसा नाही. इंग्लंडसारख्या बेटावरील राज्यास आरमार हाच तट होय. समुद्रावर पराभव झाल्यास शत्रूची सेना किनाऱ्यावर उतरते. अशा वेळी एखाद्या लढाईने वाचणारा मुलूख कार्यशाळेच्या उत्पन्नाहून मोलाचा असतो.

सारांश, आपले आरमार कशामुळे अडले आहे, हे प्रथम पाहावे. खलाशी अपुरे असतील तर गोदी उपयोगी. मर्यादा आड येत असेल तर कारखाना. परंतु जहाजांसाठी पैसाच नसेल, तर दोन्ही निष्फळ ठरतात आणि बाजारपेठच आरमाराची खरी पायाभरणी करते.